भाभीचा नंबर आणि युरोपातली न्यायालयं

तुम्ही दोघंही फोनवर एकच विचारता, "आजी, मग शेवटी काय झालं?" आणि मी पहिल्यापासून सांगायला घेतलं की धाकटा म्हणतो, "शॉर्टमध्ये सांग ना." शॉर्टमध्ये सांगण्यासारखं ते नाही. शिवाय व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा मधेच अडकतो, तोंड उघडं राहतं आणि तुम्ही तिकडे हसत बसता. म्हणून लिहून काढते आहे, क्रमानं. मधे युरोपातली न्यायालयं येतील. ती धाकट्यानं गाळू नयेत. थोरलीनं ती माझ्या डोक्यात घातली आहेत आणि आता निघता निघत नाहीत.

आमचं महिला मंडळ तुम्हाला आठवत असेल. दारव्ह्याला बाजाराच्या मागच्या गल्लीतला तो लांबट हॉल, जिथं थोरली लहानपणी शिवणयंत्राचं चाक उगाच फिरवत बसायची आणि दोरा तोडायची. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले त्याच सुमारास आम्ही मंडळ सुरू केलं आणि त्याची घटना मी लिहिली. हसू नका. नोंदणी झालेल्या कुठल्याही मंडळाला घटना असते. देशाची जाडजूड असते, आमची चार पानांची आहे, एवढाच फरक.

त्या चार पानांत एका कलमाचा मला आजही अभिमान आहे. आमच्याकडे अध्यक्षपदाची निवडणूक होत नाही. ज्या क्रमानं बायका सभासद झाल्या त्या क्रमानं एकेकीकडे एक वर्ष अध्यक्षपद. पहिल्या वर्षी आम्ही निवडणूक घेतली होती, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन जावा त्यापायी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीला कढीपत्ता हवा असला तर ती दुसरीच्या मुलाला रस्त्यात गाठायची. तेव्हापासून नंबर. "औंदा कोनाचा नंबर?" एवढंच विचारायचं. शिकलेली असो की न शिकलेली, शेतवाली असो की भाड्याच्या खोलीतली, नंबर सगळ्यांना. नंबर लागला की वर्षभर हॉलची किल्ली तिच्याकडे, सभा ती बोलावणार, आणि दिवाळीनंतरच्या वार्षिक कार्यक्रमात मधली खुर्ची तिची. त्याच दिवशी जुनी अध्यक्ष नवीला किल्ली देते.

यंदा नंबर भाभीचा होता. भाभी म्हणजे बसस्टँडजवळच्या गॅरेजवाल्या मेकॅनिकची बायको. आमचा शिवणवर्ग तीच चालवते. गावातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे आणि उरलेल्या अर्ध्यांचे तिच्या विद्यार्थिनींच्या हातचे. शाळा सातवीपर्यंत. हा नंबर यायची ती किती वर्षं वाट बघत होती हे तिलाच ठाऊक, पण उन्हाळ्यातच तिनं दिग्रसच्या विहिणीला आमंत्रण देऊन टाकलं होतं. ही विहीण, म्हणजे तिच्या मुलीची सासू, नगरपालिकेत निवडून आलेली होती आणि आता नसली तरी दर भेटीत ते सांगते. भाभी मला म्हणाली, "मॅडम, एक डाव तिनं खाली बसून मले वर बसलेलं पाह्यलं पाह्यजे. बस. मंग मले काही नको." तिला काय हवं होतं ते हे एवढंच. पुढचं सगळं वाचताना ते विसरू नका. आमच्यापैकी बऱ्याच जणी विसरल्या होत्या.

आता महासंघ. जिल्ह्यातल्या महिला मंडळांचा एक महासंघ यवतमाळला आहे आणि काही वर्षांपूर्वी आम्ही त्यात सामील झालो. त्यासाठी सगळ्यांच्या मागे लागणारी मीच होते. महागावच्या, उमरखेडच्या बायकांशी आपली ओळख नाही, सरकारी प्रशिक्षणं आपल्याला कळतच नाहीत, एकट्या मंडळाला कोण विचारतो, असं मी पोटतिडकीनं सांगितलं होतं. सामील होताना एक अट होती: मंडळाचा नियम आणि महासंघाचा नियम यांत विरोध आला तर महासंघाचा चालेल. मी ती अट मोठ्यानं वाचून दाखवली, समजावली, आणि मग सह्या घेतल्या. प्रत्येक मंडळ आपल्याच नियमावर अडून बसलं तर महासंघ कशाला करायचा? मला अजूनही तसंच वाटतं. आणि नेमकं म्हणूनच या सगळ्या प्रकारात माझं डोकं जास्त दुखलं.

पोळ्याच्या सुमारास महासंघाचा नवा नियम आला. यापुढे कुठल्याही मंडळाची अध्यक्ष किमान दहावी पास असली पाहिजे.

नियम अगदीच वेडगळ नव्हता. काही मंडळांत बाई नावाला अध्यक्ष, आणि सभा बाहेर पायरीवर बसून तिचा नवरा चालवतो, असं झालं होतं. बाईनं दाखवलेल्या जागी सही करायची. ते थांबवायला हा नियम. पण दहावी पास बाईचा नवरा पायरीवर बसत नाही, असं महासंघाला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही.

सभेत मी नियम वाचला. मी सचिव आहे, वाचणं माझं काम. सगळ्या जणी भाभीकडे बघायला लागल्या, जणू तिलाच काही बाधा झाली आहे. भाभी काजं करत होती. तिनं मान वर केली नाही.

भाभीच्या नंतरचा नंबर वहिनीचा. ही आमच्या गल्लीतली वहिनी, त्यांची कापूस-तुरीची शेती आहे, बारावी झालेली, आवाज खणखणीत. ती उठून म्हणाली, "मले काही खुर्चीचा मोह नाई. पन आपन सही केली ना? मंग आता काहून मांगं सरा? नियम मंजे नियम."

मागून कोणीतरी म्हणालं, "मोह नाई तं नंबर सोडून दे की मंग, तुयाबी."

"मी काहून सोडू? मी तं पास हाओ!"

एक जण म्हणाली महासंघातूनच बाहेर पडू. दुसरी म्हणाली आपलीच घटना बदलून दहावी टाकू, म्हणजे विरोधच राहणार नाही. तिसरी म्हणाली भाभीला या वर्षात दहावीला बसवू, तोवर वहिनीला करू. हे ऐकून भाभीनं सुई कापडात टोचली आणि म्हणाली, "माझी नात औंदा दहावीत हाय. आमी दोघी एकाच बाकावर बसतो, तिची कॉपी करतो. चालते?" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. मी सभा तहकूब केली.

त्या रविवारी थोरलीचा फोन आला. तिचा प्रबंध चालू आहे हे मला माहीत होतं, विषय माहीत नव्हता. मी मंडळाचं गाऱ्हाणं सुरू केलं तर ती खुर्चीतून जवळजवळ उठलीच. "आजी! हाच माझा विषय आहे!" जर्मनीत बसून दारव्ह्याच्या महिला मंडळावर प्रबंध कसा लिहितात हे मला कळेना. मग तिनं जे सांगितलं ते मी धाकट्यासाठी इथं लिहिते.

युरोपातल्या देशांनी मिळून संघ केला. प्रत्येक देशाची स्वतःची घटना आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्या घटनेची राखण करणारं वेगळं घटना न्यायालय आहे. संघाचंही एक न्यायालय आहे, लक्झेंबर्गला. त्यानं साठच्या दशकातच सांगून टाकलं की संघाचा कायदा देशाच्या कायद्याच्या वर, आणि थोड्याच वर्षांनी असंही सांगितलं की देशाच्या घटनेच्याही वर. मी विचारलं, "करारात तसं लिहिलेलं होतं का?" तर म्हणे नाही. मग आता तरी आहे का? तर म्हणे मुख्य कलमांत नाही, शेवटी जोडलेल्या एका निवेदनात आहे. मी आयुष्यभर निबंध तपासले. मुख्य मुद्दा निबंध संपल्यावर चिकटवणाऱ्या मुलाला मी पास केलं नसतं.

आणि मग देशांची न्यायालयं काय म्हणाली? इथून माझ्या रागाला सुरुवात होते. कारण एकही सरळ बोललं नाही.

जर्मनीचं न्यायालय आधी म्हणालं, जोपर्यंत तुमच्याकडे आमच्यासारखं मूलभूत हक्कांचं संरक्षण नाही, तोपर्यंत आम्ही तुमचे कायदे तपासणार. पुढं काही वर्षांनी तेच न्यायालय म्हणालं, जोपर्यंत तुमच्याकडे तसं संरक्षण आहे, तोपर्यंत आम्ही तपासणार नाही. शब्द तोच, जोपर्यंत. आधी त्यानं दार उघडं ठेवलं, मग त्याच शब्दानं लोटून घेतलं, पण कडी काही लावली नाही. नंतर आणखी दोन गोष्टी हातात ठेवल्या. संघ त्याला दिलेल्या अधिकाराबाहेर गेला तर आम्ही बघू, आणि आमच्या घटनेच्या गाभ्याला हात लागला तर बघू. वर्षानुवर्षं नुसतं "बघू". एकदाच कधीतरी खरंच म्हणाले की हे अधिकाराबाहेर आहे, मोठा गदारोळ झाला, आणि मग काही कागदपत्रं दाखवून, समजुतीनं प्रकरण मिटलं.

इटलीचं न्यायालय जास्त गोड बोलतं. तुमचा कायदा वर, अगदी मान्य, फक्त आमच्या घटनेची सर्वोच्च तत्त्वं सोडून. एकदा खटका उडाला तेव्हा त्यांनी नकार दिलाच नाही. लक्झेंबर्गला पुन्हा प्रश्न पाठवला, की तुम्हाला नक्की असंच म्हणायचं होतं का? आणि लक्झेंबर्गच्या ध्यानात आलं की नाही, अगदी असंच म्हणायचं नव्हतं.

फ्रान्समध्ये आधी स्वतःची घटना बदलतात आणि मग करारावर सही करतात. पोलंडच्या न्यायालयानं तोंडावर सांगितलं की कराराची काही कलमं आमच्या घटनेत बसत नाहीत. पण त्या न्यायालयात बसवलेल्या न्यायाधीशांबद्दलच आधीपासून वाद होता, आणि न्यायालयांवरून चाललेल्या त्या एकूण भांडणात देशाला दंड बसला.

मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा?"

"आजी, तीच तर गंमत आहे. तो प्रश्न मुद्दाम उघडा ठेवलाय."

"मग भाभीच्या विहिणीला काय सांगू? उघड्या प्रश्नाच्या कार्यक्रमाला या?"

"अगं, ते अवलंबून आहे..."

मी फोन ठेवला. बाळा, रागावू नकोस, पण तुमच्या कायद्याच्या शिक्षणात 'अवलंबून आहे' म्हणण्याचे वेगळे गुण मिळतात का? प्रत्येक वाक्य तिथंच जाऊन बसतं.

तरी रात्रभर डोक्यात तेच. कारण लक्षात आलं की आमच्या सभेत हे सगळे देश आधीच येऊन गेले होते. घटना बदलू म्हणणारी फ्रान्स होती. सोडून जाऊ म्हणणारीइतकं धाडस तर पोलंडलाही झालं नव्हतं. राहता राहिला इटली. नकार द्यायचा नाही, महासंघाला विचारायचं, की नंबर हा आमच्या मंडळाचा पाया आहे आणि तुमचा नियम पायाला लागतो, तुम्हाला तसंच म्हणायचं आहे का? आपल्या देशातही न्यायालयांनी सांगितलंय ना, संसद घटना बदलू शकते पण मूळ चौकट मोडू शकत नाही. चार पानांच्या घटनेलाही चौकट असू शकते.

हे मी सभेत मांडलं तेव्हा मला वाटलं होतं बायका खूश होतील. भाभीच चिडली. "मॅडम, मी काय प्रश्न हाय का? त्याइले जाऊन इचारता की हिले बसवू का नको बसवू? मंग बसली तरी काय इज्जत राह्यली?"

"भाभी, प्रश्न तुमच्याबद्दल नाही, नियमाबद्दल आहे."

"नियमात दुसरं कोन हाय सांगा बरं?"

मी इतिवृत्ताची वही उघडली. वहिनी मात्र म्हणाली, "मी तं आधीच म्हनलं होतं..." आणि चार जणींनी एकदम तिला गप्प केलं.

शेवटी मी आणि भाभी यवतमाळला गेलो. भाभी आधी येणार नव्हती, मग स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी. एसटी आली नाही म्हणून काळीपिवळी जीपमध्ये बसलो आणि जीप भरायची वाट बघत तासभर उकडलो. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. भाभी बाहेर बघत होती. मी मनातल्या मनात माझा युक्तिवाद जुळवत होते, इंग्रजीत, कारण मुद्देसूद भांडायला मला अजून इंग्रजीच सोपं जातं. भाभीनं विचारलं, "मॅडम, ओठ काहून हलून राह्यले तुमचे? आमच्यासाठी दुआ मांगून राह्यल्या का?"

महासंघाची सचिव ही माझी जुनी विद्यार्थिनी. हुशार, नेटकी, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. अशी मुलगी मला आवडायला हवी. आवडतेही. तिनं चहा मागवला आणि भाभी समोर बसलेली असताना मला विचारलं, "मॅडम, यांचं शिक्षण नक्की किती?"

"सातवी," भाभी म्हणाली. "मी इथीच हाओ."

सचिव ओशाळली, पण थांबली नाही. "मॅडम, तुमच्या मंडळाला सूट दिली की उद्या सगळे मागतील. मग नियम कशाला केला? आणि तुम्हीच तर आम्हाला शिस्त शिकवली."

मी तिला सांगितलं की सूट मागायला आलोच नाही. आम्ही तुमचे नियम पाळतो, पुढंही पाळू. पण नंबर हा आमच्याकडे नुसता अध्यक्ष नेमायचा मार्ग नाही. मंडळ ज्यावर उभं आहे ते तेवढंच आहे. शिक्षण बघून नंबर द्यायचा ठरला की उद्या शेत बघून देतील, परवा जात बघून.

"म्हणजे तुमची घटना महासंघाच्या वर?"

"तसं नाही."

"मग महासंघ वर?"

"अगदी तसंही नाही."

"मॅडम, मग नेमकं काय?"

आणि बाळांनो, मी, जिनं वर्षानुवर्षं मुलांना सांगितलं की उत्तर हो किंवा नाही असं द्या, पाल्हाळ लावू नका, ती मी म्हणाले, "ते अवलंबून आहे."

भाभीनं कप खाली ठेवला. "ताई, तुमाले असं वाटते ना, की माझा नवरा मंडळ चालवन? त्याले आमचा हॉल कुठी हाय तेच मालूम नाई. मले सोडाले आला का दर डाव भलत्याच गल्लीत गाडी नेते. मी उतरून पायी जातो. असा मानूस सभा काय घेईन?"

सचिव हसली. पण हसणं म्हणजे निर्णय नव्हे. कार्यकारिणीपुढे ठेवते म्हणाली.

दिवाळी आली, गेली. भाभीनं विहिणीचं आमंत्रण मागं घेतलं नाही, आणि पक्कंही केलं नाही. शिवणवर्गात मुलींवर ओरडायला लागली. मी रोज विचार करायची की उत्तर नाही आलं तर काय. जर्मनीच्या न्यायाधीशांना वाट बघायला वर्षं असतात. आमच्याकडे शामियानावाल्याला सांगायचं होतं.

उत्तर आलं ते कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना. मी सभेत वाचून दाखवलं. कार्यकारिणीनं म्हटलं होतं की महासंघाचे नियम सर्व मंडळांवर बंधनकारक आहेत आणि त्यांचं श्रेष्ठत्व वादातीत आहे. (इथं भाभीचा चेहरा उतरला.) तथापि, सदर नियम निवडून आलेल्या अध्यक्षांना उद्देशून आहे. आपल्या मंडळात निवडणूकच होत नसल्यानं तूर्त तो लागू होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

हॉलमध्ये गोंधळ. वहिनी म्हणाली, "मंजे आपन जितलो का हारलो?"

"भाभी अध्यक्ष होणार," मी म्हणाले.

"मंजे जितलो!"

टाळ्या पडल्या. मला मात्र टाळी वाजवावीशी वाटेना. मला उत्तर हवं होतं. आमचा नंबर खरा आहे असं एक वाक्य हवं होतं. त्याऐवजी त्यांनी आपलं श्रेष्ठत्वही ठेवलं आणि नियमही ठेवला, आणि आमच्या बाजूनं हळूच रस्ता काढून दिला, वर 'तूर्त' हा शब्द. पुन्हा तेच दार, पुन्हा कडी नाही. मग मीही त्यांना लिहून पाठवलं की महासंघाचे नियम आम्ही मानतो, कारण आमची घटना आम्हाला तसं करू देते. म्हणजे त्यांच्या फायलीत ते वर आहेत आणि आमच्या फायलीत आम्ही. थोरलीला सांगितलं तर ती आनंदानं ओरडली, "आजी, तू ग्रेट आहेस, हे अगदी त्यांच्यासारखं केलंस!" मला ते कौतुक वाटलं नाही.

कार्यक्रमाला विहीण आली. पुढच्या रांगेत, जांभळी साडी, हातात मोठी पर्स. भाभी मधल्या खुर्चीत बसली तेव्हा इतकी ताठ होती की मला तिच्या पाठीची काळजी वाटली. किल्ली मागच्या अध्यक्षेनं तिच्या हातात दिली. वहिनीनं हार घातला, आणि मी तिला बघत होते, पण तिनं नीट घातला, पदरही सावरून दिला. फराळाच्या वेळी विहीण भाभीजवळ आली आणि तिनं विचारलंच, "किती वोटिंगनं आल्या?"

"आमच्यात वोटिंग नसते," भाभी म्हणाली.

"मंजे बिनविरोध?"

भाभीनं माझ्याकडे एक नजर टाकली. "हाव," म्हणाली, "बिनविरोध."

विहीण म्हणाली, "मी एकबी डाव बिनविरोध नाई आली," आणि चिवड्याची प्लेट घेऊन बाजूला झाली. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी जे सोसलं त्याचं नाव बिनविरोध! पण भाभीचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे, त्यामुळे तेवढं मी सोडून देते.

जे सोडून देत नाही ते पुढचं. भाभीनं बोलावलेली पहिली सभा. महासंघाकडून नवी सूचना आली होती. जिल्हा मेळाव्याला सर्व मंडळांच्या सर्व सभासदांनी पिस्ता रंगाची साडी नेसावी. मी तयारच होते. सभासदांच्या साडीचा रंग ठरवणं हे महासंघाला दिलेल्या कुठल्याही अधिकारात बसत नाही. जर्मनीच्या न्यायालयाला तपासायला याहून सोपं प्रकरण मिळणार नाही. मुद्दे काढून आणले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीनं, ही सूचना महासंघाच्या अधिकाराबाहेर आहे..."

"मॅडम, बसा ना," अध्यक्ष म्हणाल्या. "पिस्ता रंग चांगला दिसते. सगळ्या एकसारख्या दिसतीन, फोटू चांगला येईन. कायले खामखा भांडाचं?"

"भाभी, प्रश्न रंगाचा नाही, तत्त्वाचा आहे. आज साडी, उद्या..."

"उद्या पाहू. उद्याचं काही आलं तं तुमी उभ्या राहा, मी तुमाले बसा म्हननार नाई. आज बसा. कोनाकोनाजवळ पिस्ता हाय, हात वर करा."

हात वर झाले. वहिनीचा सगळ्यात आधी. ज्या भाभीसाठी मी जीपमध्ये उकडले, लक्झेंबर्गपासून रोमपर्यंत डोकं शिणवलं, तिनं पहिल्याच सभेत महासंघाचा नियम एका वाक्यात मान्य केला आणि पुढच्या विषयाला लागली. पुढचा विषय हॉलच्या पंख्याचा होता. मी बसले. दुसरं काय करणार? इतिवृत्त लिहायचं काम माझंच.

मला पिस्ता रंग अजिबात शोभत नाही, हे तुमच्या आजोबांनी लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला सांगितलं होतं. साडी आणावी लागली. ब्लाउज अध्यक्षांनीच शिवून दिला, बाह्या मी सांगितल्या त्याहून आखूड, कारण म्हणे सगळ्यांच्या तशाच. मेळाव्याचे फोटो झाले आहेत. मागू नका, मी पाठवणार नाही.